वळवात शिवादादाला सुट्टी

इंटरनेटच्या धंद्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक जळके राउटर आणि दुसरे त्यांचे किस्से. राउटर आम्ही ऑफिसच्या माळ्यावर खताच्या एका रिकाम्या पोत्यात टाकतो. किस्से ठेवायला पोतं नाही, म्हणून चहाच्या वेळी एकमेकांना सांगून मोकळे होतो. वळवाचा एकेक पाऊस झाला की दोन्हीत भर पडते.

आमचं ऑफिस गारगोटीच्या बाजारपेठेत. मी, फोन घेणारी रेश्मा आणि शिवादादा, एवढंच आमचं खातं. शिवादादा माझा थोरला चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. धंदा काढला तेव्हा भांडवल मी घातलं आणि खांबावर चढून तालुकाभर तारा दादानं ओढल्या. कागदबिगद काही केला नाही. भावाभावांत कसला कागद?

दोन वर्षं झाली, दादा आमच्यात नाही. दचकू नका, माणूस धडधाकट आहे, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत वायरिंग बघतोय. पण तो गेला माझ्यामुळं, आणि तो परत यावा म्हणून मी काय बोलावं हे मला दोन वर्षांत सुचलेलं नाही. त्यामुळं हल्ली किस्से सांगायला लागलो की सगळे त्याच्यापाशीच जाऊन थांबतात.

✱

दादाचा एकच मंत्र होता. गडगडायला लागलं की आधी पिन काढा, मग तार काढा.

लोक बटण बंद करायचे आणि निवांत बसायचे. दादा म्हणायचा, बटणानं वीज थांबत असती तर ढगालाच बटण बसवलं असतं. पिन म्हणजे पिनच बाहेर यायला पाहिजे. आणि नुसती पिनही पुरत नाही, कारण आमच्याकडं खांबावरच्या पेटीपासून घरापर्यंत तांब्याची तार. पिन काढली तरी वीज त्या तारेनं घरात येणार. "पुढचं दार लावायचं आन् मागचं सताड उघडं ठेवायचं. मग चोर येणार न्हाई तर काय पावणं येणार व्हय?" हे त्याचं ठरलेलं भाषण.

बरं, नुसतं भाषण देऊन तो निघायचा नाही. नवीन कनेक्शन बसवलं की दुपारी घरात जे असेल त्याला, म्हणजे बहुतेक म्हातारीलाच, राउटरपुढं बसवायचा. पिन काढायला लावायची, तार काढायला लावायची, परत लावायला लावायची. तीन वेळा! म्हातारीचे हात थरथरायचे, ती म्हणायची नातू आल्यावर करतोय की. दादा म्हणायचा, "नातू कॉलेजात असतोय, वीज दुपारी येती." तिनं तिसऱ्यांदा बरोबर केलं की मगच तो चहा घ्यायचा. दिवसाला दोनच कनेक्शनं व्हायची आणि मी इकडं ऑफिसात चरफडत बसायचो.

एका गावात तात्या म्हणून एक गिऱ्हाईक होते. दादानं शिकवलं तेव्हा ते रानात गेलते. पाऊस आला तेव्हा घरात एकटे. त्यांनी आपल्या अकलेनं राउटरला प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला, वर सुतळी बांधली. वीज पडली, राउटर गेला. दादा बघायला गेला तर तात्याच फुगून बसलेले. म्हणाले, तुमचा मालच बोगस. "कागदाला बघा, साधा डागसुदिक न्हाई!"

✱

बिद्रीकडच्या एका गल्लीतली गोष्ट. आपल्याकडं जुनी माणसं गारा पडायला लागल्या, विजा चमकायला लागल्या की अंगणात लोखंड टाकतात. विळा, कोयता, उलथनं, जे हाताला लागेल ते. त्या गल्लीतल्या एका आजीनं असाच विळा टाकला आणि नेमका तिचा राउटर वाचला. शेजारच्या मास्तरांनी दादाचं अर्धंच ऐकलं होतं. पिन काढली, तार तशीच ठेवली. त्यांचा गेला.

झालं! गल्लीला शास्त्र कळलं. पुढच्या पावसात दारोदारी विळे-कोयते, आणि पिन एकानंही काढली नव्हती. सात राउटर एकदम गेले. दादा ते बदलायला अंगणातनं चालला तर कोयत्यावर पाय पडला, चार टाके पडले. पट्टी बांधून लंगडत लंगडत त्यानं सातही घरं पुरी केली. आजी म्हणाली, बघ शिवा, तुला टाके पडले, पण माझा राउटर दुसऱ्यांदा वाचला.

ती खोटं बोलत नव्हती. नंतर कळलं की तिच्या नातवानं त्या दोन्ही वेळेला परीक्षेपायी नेटची तारच काढून ठेवली होती.

✱

आता माझ्या हुशारीचा एक ऐका.

बिद्रीच्या बाजूला आभाळ काळं झालं की तासाभरात ते गारगोटीवर येतं, हे दादाचं गणित. तिकडं अंधारून आलं की दादा फोन लावत बसायचा. एकेका घरी. "आक्का, आभाळ आलंय, पिन काढा. तार बी काढा. काढली? दावा बघू. बरं, फोनवर दिसत न्हाई, पर काढा." पाऊस गेला की परत फोन, आता लावा.

मी म्हटलं, हे कसले अडाण्यासारखे फोन? व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. ढग आले की एक मेसेज, सगळ्यांना एकदम. सूचना: वीज चमकत आहे, कृपया राउटरची पिन व तार काढावी. पाऊस थांबला की दुसरा: आता जोडण्यास हरकत नाही. दादा म्हणाला, संभा, बघ बाबा, मला काय त्यातलं कळत न्हाई.

चार दिवसांनी एक रिटायर गुरुजी ऑफिसात आले. चार दिवस नेट बंद होतं. मी विचारलं, "गुरुजी, तार जोडली नाही?" ते म्हणाले, "जोडायची सूचना आली नाही."

घरचं नेट बंद केलेल्या माणसाला मी त्याच नेटवरनं मेसेज पाठवला होता! मोबाईलचा पॅक त्यांनी कधी मारलाच नव्हता. असे गुरुजी एक नाही, चांगले अकरा निघाले. रेश्मा हसून हसून खुर्चीवरनं पडायची राहिली. दादा हसला नाही. त्यानं गुपचूप डायरी काढली आणि अकरा घरी फोन लावले.

तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस काय आहे. पण मला वाटलं, म्हातारा होत चाललाय.

✱

हा किस्सा नीट ऐका, पुढं लागणार आहे.

शिवादादा पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेला. आपल्याकडं समज असा, की पायाळू माणसावर वीज पडते. त्यामुळं गडगडायला लागलं की पायाळू माणसाला कुणी जवळ उभं करत नाही. पण त्याच माणसाच्या पायाला गुणही असतो म्हणे. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूची एक हलकी लाथ घ्यायची, उसण जाते.

आमच्या पेठेत गंगव्वाचं घर आहे. कापडाचे व्यापारी, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. गंगव्वाचा दादावर फार जीव, त्याला ती शिवाप्पा म्हणायची. पण आभाळात जरा गुरगुरलं की त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. राउटर बंद असला तर तो उचलून ती उंबऱ्यावर आणून ठेवायची आणि दादा बाहेर पायरीवर भिजत तो दुरुस्त करायचा. आणि ऊन असलं की हीच गंगव्वा नेट बंद नसतानाही तक्रार द्यायची. दादा गेला की चटईवर पालथी पडून म्हणायची, "नेट र्‍हाऊ दे रे, आधी लाथ घाल."

आता गंमत अशी, की दादाच्या लाथेनं उभ्या तालुक्यात एकाचीही पाठ बरी झाली नाही. गंगव्वा प्रत्येक वेळी कण्हत उठायची आणि म्हणायची, आज ऊन कमी होतं.

एकदा मीही बरोबर गेलतो. खोली अरुंद, गंगव्वा मध्येच पालथी पडलेली, दादाची लाथ घालून झालेली. मी तार घेऊन पलीकडं जायला पाय टाकला, तोल गेला आणि माझी टाच बसली ती थेट तिच्या कंबरेत. मला वाटलं, मेली म्हातारी! तर ती उठून बसली, डावीकडं वळली, उजवीकडं वळली आणि म्हणाली, "व्हय की! मोकळं झालं!" मग दादाच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणाली, तुझी लाथ उशिरा लागू पडती बघ.

दादा माझ्याकडं बघून हसायला लागला. गाडीवर बसला तरी हसत होता, ऑफिसात येईपर्यंत हसत होता. मी विचारलं, एवढं काय झालं? तर डोळे पुसत म्हणाला, काय न्हाई रं, म्हातारीची गंमत.

✱

आता माझी चूक.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका मंगल कार्यालयाचे मालक. लग्नं वळवाच्याच दिवसांत, आणि हल्ली लग्न परदेशातल्या पाहुण्यांना नेटवरनं दाखवावं लागतं. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच मागच्या आंब्यावर वीज पडली आणि राउटर गेला. खरं तर सकाळी दादा त्यांना सांगून आलता, की आभाळ दिसलं की तार काढा आणि तेवढ्यापुरतं मोबाईलवरनं दाखवा. कुणी ऐकलं नाही. तरी दादा पावसातनं नवीन राउटर घेऊन पळत गेला. जोडायला खाली वाकला, तर मालकांच्या वडिलांनी भर मांडवात त्याचा हात धरला. "पायाळू माणूस मांडवात घेतला कुणी? ह्याच्यापायीच पडली की वीज!"

पाचशे माणसं बघत होती. वीज आधी पडली, दादा नंतर आला, एवढा साधा हिशोब त्या पाचशेतल्या एकालाही सुचला नाही. दादा राउटर तिथंच ठेवून भिजत परत आला.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. आमची आणि पावण्यारावळ्यांची सगळी कनेक्शनं ठेवायची असतील तर वळवात त्या माणसाला पाठवू नका.

मी पायाळूबियाळू काही मानत नाही. शिकलेला माणूस आहे मी! तरी मी दादाला समोर बसवलं आणि म्हटलं, दादा, वळीव संपेस्तोवर दीड महिना सुट्टी घे. पगार चालूच राहील.

त्यानं विचारलं, "तुला बी तसं वाटतंय व्हय?"

मी म्हटलं, "मला न्हाई वाटत. लोकास्नी वाटतंय."

 दादानं कमरेची पकड काढून टेबलावर ठेवली, डायरी रेश्माच्या हातात दिली आणि म्हणाला, "बरं, मालक."

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी मालक म्हटलं नव्हतं. दीड महिना गेला, तो आला नाही. मग कळलं कागलला लागला. घरी आईनं विचारलं तर मी ठोकून दिलं, दादाला चांगली नोकरी मिळाली. खोटं बोललो. तेही त्याच्याच बाबतीत.

✱

दादा गेल्यावर मी डोकं चालवलं. तो नाही तर पिन काढायची आठवण कोण करणार? बाजारात विजेपासून राउटर वाचवणारे बोर्ड मिळतात. ते आणले, घरोघरी बसवले आणि सांगितलं, आता काही काढायची गरज नाही, निवांत बसा. लोक खूश. मीही खूश, दिवसाला सहा सहा घरं व्हायला लागली.

मात्र तो बोर्ड जास्तीची वीज जमिनीत सोडतो, आणि त्यासाठी घराला अर्थिंग लागतं. आपल्याकडं निम्म्या घरांत तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं, मागं तारच नसते. आणि खांबावरनं येणारी आमची तार तर त्या बोर्डातनं जातच नव्हती. दादा कुठल्याही घरात गेला की आधी स्क्रू काढून बोर्डाच्या मागं बघायचा. मी वेळ वाया जातो म्हणून त्याला ओरडायचो.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी सगळं बाहेर आलं. एकोणीस राउटर गेले, चार टीव्ही गेले. ज्या म्हाताऱ्यांना दादानं तीन तीनदा शिकवलं होतं, त्यांनीसुद्धा माझ्या शब्दावर पिन काढली नव्हती. त्याचंच जास्त वाईट वाटलं. रेश्मा फोन घेऊन घेऊन रडकुंडीला आली.

पहिला फोन गंगव्वाचा. तिचा टीव्हीही गेला होता. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तर म्हणाली, शिवाप्पाला धाडून द्या.

मी म्हटलं, "गंगव्वा, अजून गडगडतंय."

"गडगडू दे. दोन वर्सं त्यो पायाळू गावात न्हाई, तरी जळलंच की!"

✱

हे मी रात्री जेवताना आईला हसवायला म्हणून सांगितलं. जळलंच की, असं गंगव्वाच्या आवाजात म्हणूनही दाखवलं. बायको हसली. आई हसली नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजे शिवा त्यापायी गेला?"

मग मला मांडव, फोन, सुट्टी, सगळं सांगावं लागलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "पायाळू त्यो न्हाई. तू हाईस."

माझा जन्म आईच्या माहेरी झाला, चिकोडीकडं. पाय आधी आले. इकडं सासरी कळलं तर पोराला लोक जवळ करणार नाहीत, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे दादाच्या आईला सांगितलं. ते दादानं कधीतरी ऐकलं असणार.

मी पाच वर्षांचा होतो. उन्हाळी भुईमूग काढायला सगळी रानात गेलती आणि वळीव आला. दहा-बारा माणसं एका खोपीत शिरली. बांधावरच्या आंब्यावर वीज पडली, बाया किंचाळल्या, आणि भावकीतला एक म्हातारा ओरडायला लागला, खोपीत कुणी पायाळू असंल तर त्यानं भाईर व्हावं, सगळ्यास्नी मारू नये. आईनं मला पदराखाली घट्ट धरलं. म्हातारा एकेकाकडं बोट करून विचारत पुढं सरकत होता. आई म्हणाली, तो माझ्यापाशी यायला दोनच माणसं राहिली होती.

तेवढ्यात तेरा वर्षांचा शिवा उठला. म्हणाला, मी हाय. आणि बाहेर जाऊन उघड्या रानात उभा राहिला. पाऊस थांबेस्तोवर.

"मला उठायला पायजे हुतं," आई म्हणाली. "मी तुला धरून बसले. जाऊबाई समोर बसल्याली, तिनं एक शब्द काढला न्हाई. त्या दिवसापास्नं गाव त्याला पायाळू म्हणतंय."

मी ताटावरनं उठलो. जेवण गेलंच नाही.

✱

रविवारी कागलला गेलो. दादा घरीच होता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, वहिनीनं चहा टाकला. वारं येतं म्हणून मी उंबऱ्यावरच बसलो. वाटेत किती काय जुळवलं होतं. माफ कर म्हणायचं, पाया पडायचं, ऑफिसच्या पाटीवर तुझं नाव वर घालतो म्हणायचं. तोंडातनं एकच निघालं.

"आईनं सांगितलं."

"काय?"

"खोपीतलं."

दादानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. मी विचारलं, "दादा, सुट्टी दिली तेव्हा तरी बोलायचं हुतंस की."

 बाहेर अंधारून आलतं. लांब एकदा गुरगुरलं, मग जवळ. दादानं बशी खाली ठेवली, उठला, भिंतीवरच्या राउटरची पिन काढली. तार काढली. मग माझ्यापाशी आला.

"संभा, आत सरक."

मी आत सरकलो. तो उंबऱ्यावर माझ्या जागेला बसला, बाहेरच्या बाजूला पाठ करून, आणि राहिलेला चहा प्यायला.